गर्भाची पिशवी काढायला सांगितली आहे, आठवड्यात निर्णय द्या म्हणतात

कपाशीवाली (ता. केळापूर, जि. यवतमाळ)
१४ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार. इथे नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहिते आहे.

वय ४१. दोन मुलं, मोठी बारावीला, धाकटा आठवीत. धाकट्याच्या वेळीच कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालं. गेल्या वर्षीच्या पोळ्यापासून पाळी बिघडली. येते वेळेवरच, पण आठ-नऊ दिवस जाते, आणि पहिले तीन-चार दिवस तर धारच लागते. गाठी पडतात. रात्री उठून बदलावं लागतं. कंबर आणि ओटीपोट इतकं दुखतं की वाकून कापूस वेचता येत नाही. शेतात तुरीच्या ओळीआड जाऊन बदलायचं, आणि आजूबाजूला माणसंही कामाला असतात. काय सांगू. हल्ली नाल्याचा चढ चढला तरी धाप लागते.

तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात दाखवलं. सोनोग्राफीत लिहिलंय, पिशवी मोठी, मागच्या भिंतीत तीन सेंटीमीटरची गाठ. हिमोग्लोबिन ७.४. डॉक्टर म्हणाले, मुलं झाली, आता पिशवीचं काम काय? ठेवली तर कॅन्सर होईल. याच आठवड्यात काढून टाका. पॅकेज तीस हजारांचं, रक्ताच्या बाटल्या वेगळ्या. मी काही विचारायच्या आत पुढच्या पेशंटला आवाज दिला होता.

सासूबाई म्हणतात काढून टाक, कटकट जाईल. आमच्या गल्लीत बऱ्याच जणींनी काढली आहे. हे म्हणतात तू म्हणशील तसं, पण सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन पहिला वेचा सुरू झाला आहे आणि मजूर मिळत नाहीत, हे त्यांच्या तोंडावर दिसतंच. मला त्रास नकोच आहे. पण एवढी घाई कशाची, ते कळत नाही. ज्यांनी काढली त्यांनी लिहा, ज्यांनी नाही काढली त्यांनीही.

आर्वीची_माय
१४ ऑक्टोबर, रात्री १०:५५

बाई, मी काढली. चौतीस वर्साची होती मी तवा. आता साठी आली. अंगावरून पांढरं जाय, कंबर दुखे. डाक्टरनं सांगतलं पिशवी सडली. सडली म्हनल्यावर कोन थांबते वं? काढून टाकली.

पाळीचा तरास गेला, खोटं कायले बोलू. पन थोड्याच दिवसात अंगातून वाफा निघाले लागल्या. थंडीत पदर वारा घालत बसो मी. झोप नाई, चिडचिड. चाळिशीत हाडं ठनकाले लागले अन् अंगनात पाय घसरला तं मनगटच मोडलं. तवा सेवाग्रामले गेली. तिथल्या डाक्टरीनबाईनं जुना कागद पाह्यला अन् म्हने, मावशी, तुमचे दोनी अंडाशयबी काढले आहेत. मले कोनी इचारलंच नव्हतं, सांगतलंबी नव्हतं.

तू काढ का नको काढ, मी सांगनार नाई. पन काढशील तं काय काय काढनार, हे कागदावर लिहून घेजो.

मंदाकाकू_अमरावती
१५ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

मी उलट बाजूची. ४६ व्या वर्षी काढली आणि खूश आहे. पिशवीच्या भिंतीत आजार होता, अॅडेनोमायोसिस म्हणतात. आधी गोळ्या झाल्या. मग मिरेना (पिशवीत बसवायचं साधन) बसवली, तर पिशवी मोठी असल्याने ती निघून पडली. शेवटी खालून ऑपरेशन केलं, पोटावर टाका नाही. अंडाशय ठेवले. आज मला महिन्याचे तीसही दिवस माझे वाटतात.

असले विषय निघाले की पिशवी काढली म्हणजे बाईचा बळीच गेला, असा सूर लागतो. त्याचा मला राग येतो. माझा बळी कोणी घेतला नाही. पण मला डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं आणि हो म्हणायला वेळ दिला होता. तुम्हाला तो दिलेला दिसत नाही.

निर्भीड_वऱ्हाडी
१५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

सगळे कापायला बसलेत! बीडमध्ये काय झालं विसरलात का? दवाखान्याची पायरी चढू नका. दुर्वांचा रस आणि अशोकारिष्ट, तीन महिन्यांत गाठ विरघळते. माझ्या वहिनीची विरघळली.

धनश्री_वर्धा
१५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

निर्भीडदादा, हिमोग्लोबिन ७.४ आहे तिचं. दुर्वांचा रस पीत तीन महिने थांबायचं, आणि तोवर रक्त जातच राहील, त्याचं काय? वहिनीची गाठ विरघळली, हे सोनोग्राफी करून पाहिलं होतं की त्रास कमी झाला म्हणून मानलं?

बीडचं मात्र बरोबर आहे. ऊसतोड बायकांमध्ये पिशव्या काढण्याचं प्रमाण फार असल्याच्या बातम्या आल्यावर २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून काढलेल्याही त्यात होत्या. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, नको असताना पिशव्या काढणं थांबावं म्हणून केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी लागू कराव्यात, असं सांगितलं.

पण त्यातून 'दवाखान्यात जाऊ नका' असा अर्थ निघत नाही. दुसऱ्या दवाखान्यात जा, असा निघतो.

वणीकर
१५ ऑक्टोबर, सकाळी १०:१८

आमच्या बाजूचे लोक तेलंगणातल्या आदिलाबादलाही जातात, जवळ पडतं म्हणून. तिकडून चाळिशीच्या आतच पिशवी काढून आलेल्या बायका आमच्या गावात आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सुमारे तीन बायकांची पिशवी काढलेली आढळते, आंध्र-तेलंगणात हा आकडा आठच्या वर जातो. नदी ओलांडली की बायकांच्या पिशव्या जास्त खराब होत असतील, असं काही मला वाटत नाही.

डॉ_वैदर्भी (स्त्रीरोग)
१५ ऑक्टोबर, दुपारी २:४०

ताई, ऑनलाइन तपासणी होत नाही, तेव्हा मी निदान सांगणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून पुढच्या डॉक्टरांना काय विचारायचं, ते सांगते. लांब होईल, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी हे. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं सलग काही तास चाललंय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीत धडधडतं, असं झालं तर धागा वाचत बसू नका. रात्र असो की दिवस, १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट तुमचं ७.४. पोटाचं मोठं ऑपरेशन इतक्या कमी रक्तावर घाईने करण्यात तुमचाच धोका वाढतो. रक्तस्राव थांबतच नसेल आणि जीवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी आधी स्राव आवरायचा, रक्त वाढवायचं, मग ऑपरेशन करायचं की नाही ते बोलायचं. मी असते तर आठवड्याचा निर्णय ऑपरेशनचा घेतला नसता, औषधांचा घेतला असता.

तिसरी गोष्ट कारण. 'पिशवी मोठी' हा आजार नाही, ते सोनोग्राफीवाल्याचं निरीक्षण आहे. जास्त जाण्याची कारणं बरीच असतात. पिशवीच्या आतल्या अस्तरात कोंब आलेला असतो, भिंतीत गाठ म्हणजे फायब्रॉइड असते, अस्तरच भिंतीत शिरलेलं असतं (मंदाकाकूंना होतं ते). अस्तराची वाढ असते, क्वचित कॅन्सर असतो. बीजकोशातून बीज नीट सुटत नाही. थायरॉइड कमी असतं. काहींना मुळात रक्तच गोठत नाही नीट, अशा मुलींना पहिल्या पाळीपासून त्रास असतो. तुम्हाला दुखतंही खूप आणि मागच्या भिंतीत 'गाठ' दिसते, म्हणून ती खरंच गाठ आहे की भिंतीतला आजार, हे खालून केलेल्या सोनोग्राफीत नीट पाहून घ्यायला सांगा. गाठ असेल तर ती अस्तराच्या बाजूला आहे की बाहेरच्या, यावर बरंच ठरतं. आतल्या बाजूची छोटी गाठही खूप रक्त घालवते, बाहेरच्या बाजूची मोठी गाठ कधी कधी काहीच करत नाही.

कॅन्सरचं. फायब्रॉइडची गाठ कॅन्सरची निघणं अत्यंत विरळ आहे. 'ठेवली तर कॅन्सर होईल' हे कारण सांगून पिशवी काढणं मला मान्य नाही. पण चाळिशीनंतर इतकं जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासलाच पाहिजे. बारीक नळीने घेतात, बहुतेक वेळा भूलही लागत नाही. भीती घालण्यापेक्षा तपासणं सोपं आहे. त्याचबरोबर पिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या.

उपाय. पाळीच्या जड दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्यांनी स्राव निम्म्याच्या आसपास उतरू शकतो. मेफेनॅमिकने दुखणं कमी होतं आणि स्रावही थोडा. हार्मोनच्या गोळ्या असतात. ऑर्मेलॉक्सिफेन नावाची, लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली गोळी आहे. तुमच्या उपकेंद्रात 'छाया' नावाने पाळणा लांबवायला मोफत मिळते ती हीच, जास्त जाण्यासाठी तिचं वेळापत्रक वेगळं असतं. मग मिरेनासारखं हार्मोन सोडणारं साधन. ते टिकलं तर वर्षभरात बहुतेकींचा स्राव अगदी कमी होतो, काहींची पाळी थांबते. अस्तर जाळण्याची किंवा फक्त गाठ काढण्याची सोय नागपूरसारख्या ठिकाणी आहे.

आणि ऑपरेशन. कॅन्सर किंवा त्याच्या आधीच्या पायरीची वाढ निघाली, गाठी खूप मोठ्या आहेत, औषधं आणि साधन करून पाहिलं आणि उतार नाही, किंवा सगळे पर्याय समजून घेऊन बाई स्वतः म्हणते मला हे आता नको, तेव्हा पिशवी काढणं योग्य आहे आणि चांगलं काम करतं. चाळिशीत साध्या कारणासाठी अंडाशय सहसा ठेवतात. ते काढले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम अंगावर येतात, आर्वीच्या मावशींना आले तसे. ठेवले तरी काहींची पाळी जाण्याची लक्षणं थोडी लवकर येतात.

संपादन_मदत
१५ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

सर्वांना विनंती, औषधांचे डोस धाग्यात लिहू नका. दोन प्रतिसादांतून काढले आहेत.

कपाशीवाली
१५ ऑक्टोबर, रात्री ९:४८

सगळ्यांचे आभार. डॉक्टरताई, तुमचं उत्तर मुलीकडून मोठ्याने वाचून घेतलं, सासूबाईही ऐकत बसल्या. त्यांना 'सोनोग्राफीवाल्याचं निरीक्षण' फार पटलं.

एक विचारते. मिरेना म्हणजे तांबीच ना? माझं तर ऑपरेशन झालं आहे, मग तांबी कशाला? आणि तांबीने जास्त जातं म्हणून माझ्या जावेने काढून टाकली होती.

डॉ_वैदर्भी
१५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

दिसायला सारखी, काम उलटं. तांबीत तांब्याची तार असते, तिने काहींची पाळी खरंच वाढते. जावेचं बरोबर आहे. हिच्यात तांबं नसतं, थोडं थोडं हार्मोन पिशवीतच सुटत राहतं आणि अस्तर पातळ होतं. तुम्हाला ती पाळणा लांबवायला नको आहे, स्राव कमी करायला हवी आहे. मात्र सरकारी दवाखान्यात मोफत मिळते ती तांबी. हार्मोनची बहुतेक ठिकाणी बाहेरून आणावी लागते, काही हजार खर्च येतो.

उपकेंद्राची_सिस्टर
१६ ऑक्टोबर, दुपारी १:१५

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स आहे, वर्धा जिल्ह्यात. डॉक्टरांच्या यादीत एक भर घालते, कारण आपण विदर्भात आहोत. सिकलसेल, म्हणजे आई-वडिलांकडून मुलांना येणारा रक्ताचा आजार, तो तपासला का? चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, सगळीकडे आहे. रक्त कमी म्हटलं की सरसकट लोहाच्या गोळ्या नाहीतर इंजेक्शन सुरू करतात. वाहक असेल आणि लोह कमी असेल तर गोळ्या चालतात. पण सिकलसेलचा आजारच असेल तर लोहाची तपासणी केल्याशिवाय देत नाहीत, काही औषधंही जपून देतात, कारण रक्ताच्या गुठळीचा धोका असतो. आणि ऑपरेशनची भूल देण्याआधी तर हे माहीत असलंच पाहिजे. उपकेंद्रात बोटाच्या थेंबावर पहिली चाचणी होते, पैसे लागत नाहीत.

लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबू-पाण्यासोबत घ्या. संडास काळी होते, घाबरू नका. मळमळ होते म्हणून चार दिवसांत बंद करणाऱ्या बायका मी रोज पाहते. बंद करण्याआधी आम्हाला सांगा, दुसरी पद्धत असते. सरकारी दवाखान्यात शिरेतून लोह देतात, त्याने लवकर भरून येतं.

कॅलेंडरवर खुणा करा. किती दिवस गेलं, किती पॅड किंवा कपडे बदलले, गाठी किती मोठ्या. 'खूप जातं' म्हटलं की डॉक्टर लिहितात 'खूप', आणि त्याचा काहीच उपयोग होत नाही.

कपाशीवाली
१६ ऑक्टोबर, रात्री १०:०२

सिस्टर, खरं सांगू का, माझी आतून तपासणी एकदाही झालेली नाही. त्या दवाखान्यातही नाही, नुसता रिपोर्ट पाहिला. बाळंतपणं सोडली तर कोणी पाहिलंच नाही. लाज वाटते, त्यात डॉक्टर पुरुष होते.

धनश्री_वर्धा
१६ ऑक्टोबर, रात्री १०:२६

ताई, तुम्ही एकट्या नाही. डॉक्टर राणीताई बंगांनी गडचिरोलीच्या दोन गावांत घरोघरच्या बायका तपासल्या होत्या, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना पाळीचा, पांढऱ्याचा किंवा जंतुसंसर्गाचा काही ना काही त्रास निघाला. आणि त्याआधी तपासणी झालेल्या किती, तर शंभरात आठ. तिथवर 'बायकांचं दुखणं' म्हणजे बाळंतपण एवढंच धरलं जायचं. आज सोनोग्राफी तालुक्याला आली, पण आतून तपासणी मात्र तुमच्यापर्यंत अजून आली नाही. आधी कोणी तपासतच नव्हतं, आता न तपासता कापतात. मला दोन्हींत फार फरक दिसत नाही.

सेवाग्रामच्या दवाखान्यात, यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजला, अमरावतीच्या डफरीनला (सरकारी स्त्री रुग्णालय) बाई डॉक्टर मागता येतात. संकोच करू नका, मागा.

चिमूरकर
१७ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

पुरुष आहे, चालत असेल तर लिहितो. माझ्या घरच्यांचं ऑपरेशन नागपूरला मेडिकलमध्ये झालं. गाठी बेंबीपर्यंत आल्या होत्या, बाहेरून हात लावला तरी लागायच्या. तिथे न काढायचा प्रश्न नव्हता. ऑपरेशन व्यवस्थित झालं, त्या आज धडधाकट आहेत.

मी लिहितोय ते नवरेमंडळींसाठी. डॉक्टर सांगतात 'सहा आठवडे वजन उचलायचं नाही'. आपण मान डोलावतो. वजन म्हणजे काय? पाण्याची घागर, सरपणाचा भारा, कापसाची भरलेली ओटी, म्हशीपुढे टाकायचा कडबा, कुकरसुद्धा. म्हणजे घरातलं जवळजवळ सगळं. आमच्याकडे धान कापणीला आला होता, म्हणून तो निघेपर्यंत डॉक्टरांनी इंजेक्शन आणि गोळ्यांवर वेळ काढून दिला. घाई नसेल तर असा वेळ मागता येतो. बहीण पंधरा दिवस आली, नंतर पाणी मी भरलं. भाकऱ्याही थापल्या, गोल होत नाहीत अजून. चौकातली मंडळी हसली. हसू द्या. ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी शेतात गेलेल्या बायकांचे टाके कसे उकलतात, ते वॉर्डात बाजूच्याच खाटेवर पाहिलं होतं.

सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणारा माणूस) भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा. रक्त देणारी दोन माणसं गावातूनच तयार ठेवा.

महालक्ष्मी_पुसद
१७ ऑक्टोबर, दुपारी ४:३३

विषयाला धरूनच आहे म्हणून विचारते. महालक्ष्म्या आल्या की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आम्ही सगळ्याच घेतो. मेडिकलवाला न विचारता देतो. त्याने पिशवी खराब होते का?

डॉ_वैदर्भी
१७ ऑक्टोबर, रात्री ९:१०

पिशवी खराब होत नाही. पण गोळ्या बंद केल्यावरची पाळी जड येऊ शकते. काहींना त्या देऊच नयेत, पायाच्या शिरेत गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल तर. आणि आधीच अवेळी जात असेल तर गोळ्यांनी खरं कारण झाकलं जातं. वर्षातून एखाद्या वेळी, डॉक्टरांना विचारून. दर सणाला नको.

कपाशीवाली
९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

यवतमाळला मेडिकलला जाऊन आले. रांगेत अर्धा दिवस गेला, पण तपासलं नीट. बाई डॉक्टरच होत्या. खालून सोनोग्राफी केली, अस्तराचा तुकडा घेतला. चिमटा बसल्यासारखं दुखलं, फार नाही. थायरॉइड बरोबर आहे. सिकलसेलची मी वाहक निघाले, एएस. आता मुलांचीही तपासणी करायची आहे. मुलीच्या लग्नाच्या वेळी मुलाचा सिकलसेलचा रिपोर्ट पाहायचा, हे मी आत्ताच ठरवून टाकलं. सासूबाई म्हणाल्या, पत्रिकेआधी तो कागद माग.

शिरेतून लोह दिलं. पाळीत घ्यायच्या गोळ्या दिल्या, त्यांनी या महिन्यात फरक पडला. तरी जातंच, पण रात्री झोपता आलं. तुकड्याचा रिपोर्ट यायचा आहे. त्या म्हणाल्या, गाठ नाही, भिंतीतला आजार वाटतो.

तालुक्याच्या दवाखान्यातून फोन आला होता, पॅकेजमध्ये सूट देतो म्हणून. यांनीच उचलला. काय बोलले माहीत नाही, पण आवाज चढला होता.

आर्वीची_माय
९ नोव्हेंबर, रात्री ९:४१

सूट देते म्हनते? पिशवी हाय का साडी वं?

कपाशीवाली
११ जानेवारी, दुपारी ३:१५

पुढे काय झालं, असं काहींनी विचारलं आहे म्हणून लिहिते. रिपोर्टमध्ये कॅन्सरचं काही नाही. हिमोग्लोबिन १०.१. शेवटच्या वेच्याचा कापूस विकून हार्मोनचं साधन घेतलं, मेडिकलमध्येच बसवून दिलं. बसवताना कळ आली.

आता धार नाही. पण रोज थोडं थोडं लागतं, डाग पडण्यापुरतं. डॉक्टर म्हणाल्या तीन ते सहा महिने असं चालतं. अडचण दुखण्याची नाही, वेगळीच आहे. आमच्याकडे पाळीत देवघरात जात नाहीत, स्वयंपाकघराचं आता कोणी पाळत नाही, पण देवाचं पाळतात. रोजच डाग पडतो तर काय करायचं? संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलं आहे. सासूबाई दोन दिवस विचारात होत्या. शेवटी म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंनी ही पाळी नाही, औषधाचा डाग आहे असं सांगितलं ना? मग तीळगूळ तूच वाटायचा.

अक्षय तृतीयेपर्यंत पाहणार. तोवर हे डाग पडणं थांबलं तर ठीक. नाही तर उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी ऑपरेशन करून घेणार, अंडाशय ठेवायचे आणि कागदावर लिहून घ्यायचं. यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे की सहा आठवडे पाणी तुम्ही भराल. चिमूरच्या दादांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला.

मंदाकाकू_अमरावती
११ जानेवारी, दुपारी ४:००

छान. साधनाचा दोरा लागतो का, ते अधूनमधून पाहत जा. माझी पडली ते मला खूप उशिरा कळलं होतं. आणि पिशवी काढावी लागली तरी वाईट वाटून घेऊ नका.

दिग्रसची_सून
१२ जानेवारी, सकाळी ११:०८

हा धागा पूर्ण वाचला. माझ्या सासूबाईंचं वय ५६, पाळी जाऊन चार वर्षं झाली. दिवाळीपासून मधूनमधून थोडा डाग दिसतो. दुखत नाही, अगदी थोडं असतं. त्यांना तेच साधन बसवून पाहू का? की आधी कपाशीवालीताईंसारख्या गोळ्या घेऊन थांबावं? घरी सगळे म्हणतात उष्णता वाढली असेल.

डॉ_वैदर्भी
१२ जानेवारी, सकाळी ११:२०

नाही. यांच्या बाबतीत थांबायचं नाही, गोळ्या नाहीत, साधन नाही. पाळी गेल्यावर वर्षभरानंतर डाग पडला तर तो एकच असो, थोडा असो, न दुखणारा असो, कॅन्सर नाही ना हे आधी पाहावं लागतं. बऱ्याच वेळा साधंच कारण निघतं, पण ते तपासल्यावर कळतं. खालून सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा, याच आठवड्यात. मधुमेह, रक्तदाब असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

दिग्रसची_सून
१२ जानेवारी, सकाळी ११:३४

मधुमेह आहे. आज रविवार ना? उद्या पहिल्या एसटीने यवतमाळला नेते.